पाणी न मागणारी माती

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवते मी माझी माती.
कुरियरनं येते, बेंगळुरूहून, छप्पन्न ग्रॅमची वडी,
चकचकीत कागदात, खव्यासारखी.

बाबा खानापूरहून ती तपासायला आला.
नखानं ओरखडली, नाकाशी नेली.
"पाणी मागत न्हाई म्हणतीस. मग ही कसली माती ग?
प्लास्टिकच की."
प्लास्टिकच. मी नाही म्हणत नाही.
त्याची माती मलप्रभेकाठची, पायांनी तुडवलेली,
आठवडाभर ओल्या पोत्याखाली मुरलेली.
माझी मुरत नाही, तळव्यांत मळावी लागते
हाताची ऊब तिच्यात उतरेपर्यंत,
नाहीतर वाकवताना भेगाळते.
"भेगाळते व्हय," तो म्हणाला,
आणि पहिल्यांदा खुर्चीत नीट बसला.

हत्यारं दाखवली त्याला.
शेवयांचं यंत्र, रविवार पेठेतून आणलेलं,
ज्यातून एकदाही शेवई निघालेली नाही.
लांब पातं. गोधडीची सुई, बुचात खोवलेली.
दगडाचा पोत उठवायला जुना टूथब्रश,
साच्याला चिकटू नये म्हणून कॉर्नफ्लॉवर.
"आम्ही राख लावतो."
सगळं काम एका पांढऱ्या फरशीवर,
जी तशीच उचलून भट्टीत जाते.
भट्टी म्हणजे ओटीजी. एकशे तीस अंश, अर्धा तास.
"एवढ्यात आमची भट्टी जागी पण होत न्हाई."

हिरेमठ टीचरांची ऑर्डर होती,
चाळीस जोड कानातली, थेंबाच्या आकाराची,
नोव्हेंबरच्या एक तारखेला शाळेत घालायला:
पिवळा आणि लाल.
दोन त्रिकोण तिरके जोडले, दुमडले, यंत्रातून काढले,
दुमडले, काढले, घडी दर वेळी त्याच बाजूला.
विसाव्या फेरीला रंग एकमेकांत उतरतात,
पिवळं कुठं संपलं ते पात्यालाही कळत नाही.
खरं मधोमध एक पट्टा आला, मी न घातलेला.
भगवा.

आम्ही दोघं बघत राहिलो.
गल्लीच्या तोंडाला कुठल्या रंगाचा झेंडा आहे
ते दोघांनाही माहीत होतं.
टीचरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.
"चंद ऐती. हळदीत कुंकू सांडलं की असंच होतंय.
मधलं काढू नका."

या मातीत सगळ्यात मोठा वैरी आपलीच बोटं.
ठसे उठतात, भाजल्यावर कायमचे बसतात,
मग सँडपेपर: चारशे, आठशे, बाराशे, पाण्यात धरून,
शेवटी जुन्या जीनच्या तुकड्यानं चमक.
म्हणून मी हातमोजे घालते.
बाबानं न विचारता एक थेंब उचलला,
अंगठ्यानं कड फिरवली, खाली ठेवला.
मी चष्मा लावून बघितलं.
एकही रेघ नाही.

पन्नास वर्षं चाकावर घासलेला अंगठा.
रेशन दुकानातलं मशीन त्याला ओळखत नाही.
दर महिन्याला तीनदा पुसायचा, थुंकी लावायची,
मागची रांग कुरकुरते, शेवटी ओटीपी,
तोही माझ्या मोबाइलवर.
"त्या मशीनला सांग जा," तो म्हणाला,
"कामाला येतोय की अजून."
आणि पुढचा थेंब ओढला.

शेवटचा ट्रे आत असताना लाईट गेली.
अर्धवट भाजलेली माती वरून पक्की दिसते,
दोन महिन्यांनी कुणाच्या तरी कानाखाली तुटते,
आतून भुरभुरीत.
मी दाराला हात घातला. त्यानं धरला.
काचेवर तळवा टेकून बसला,
जसा तो रात्र रात्र बसायचा, भट्टीच्या तोंडाशी.
"धग हाय अजून. उघडू नको.
खानापूरची बस साडेआठला पण हाय."